तुझ्या हातात अजून कागद आहे

ताई, मी २७ वर्षांची आहे, मला 'तू'च म्हणा. दहा दिवसांपूर्वी जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी वाचून संपवली. रात्रीचे दोन वाजले होते. शेवटचं वाक्य वाचलं आणि पुस्तक भिंतीवर भिरकावलं. राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या विन्स्टनला शेवटी तो हुकूमशहा बिग ब्रदरच आवडू लागतो! मग इतकी पानं मी त्याच्या मागे कशासाठी गेले? उंदरांचा पिंजरा तोंडाजवळ आल्यावर 'मला नको, ज्युलियाला करा' असं तो आपल्या प्रेयसीचं नाव घेऊन ओरडतो, तेव्हापासून मला त्याची किळसच आली आहे. नवरा म्हणतो, 'अगं, गोष्ट आहे ती.' पण झोप लागत नाही, दुसरं पुस्तक हातात धरवत नाही. निदान एक माणूस तरी टिकायला हवा होता. लेखकाने वाचकाला असं रिकाम्या हाताने घालवायचं असतं का? अशी पुस्तकं वाचणं सोडून द्यावं का?

आणखी एक. गेल्या वर्षी ऑफिसात हिशोबातल्या एका चुकीची चौकशी झाली. मला एकटीला दोन तास बंद खोलीत बसवलं होतं. मी मैत्रिणीचं नाव घेतलं. चूक दोघींची होती, खरं तर माझी जास्त. तिची बदली झाली, मग तिने नोकरीच सोडली. याचा पुस्तकाशी काही संबंध नाही, उगाच लिहिलं.

– झोप उडालेली

प्रिय मुली,

शेवटच्या त्या ओळी उगाच आलेल्या नाहीत, हे लिहिताना तुलाही जाणवलं असणार. त्यांच्याकडे मी येणार आहे. पण आधी पुस्तकाबद्दल बोलू दे, कारण तू प्रश्न पुस्तकाचा विचारलायस आणि तो मोलाचा आहे. 'गोष्ट आहे ती' एवढ्यावर त्याची बोळवण व्हायला नको. दहा दिवस एखादी गोष्ट माणसाला झोपू देत नसेल, तर तिने कुठेतरी नेमकं बोट ठेवलेलं असतं.

तुझी पहिली तक्रार ही की ऑर्वेलने तुला इतकं चालवलं आणि शेवटी दरीत ढकललं. रागाचा भर ओसरला की पहिला भाग पुन्हा उघड. तिथे चेस्टनट ट्री कॅफेत तीन म्हातारे बसलेले तुला दिसतील: जोन्स, आरन्सन आणि रदरफर्ड. एकेकाळचे क्रांतीचे पुढारी. अटक झाली, न केलेल्या गुन्ह्यांची कबुली दिली, माफी मिळाली आणि आता जिनचे ग्लास आणि बुद्धिबळाचा पट पुढे घेऊन गप्प बसलेत. दोघांची नाकं मोडलेली आहेत. टेलिस्क्रीनवर, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या सरकारी पडद्यावर, एकमेकांना विकल्याचं ते गाणं लागतं आणि रदरफर्डच्या डोळ्यांत पाणी येतं. शेवटच्या प्रकरणात विन्स्टन त्याच कॅफेत बसलाय, पुढे तीच जिन, तसाच पट, आणि तेच गाणं. म्हणजे तो कुठे जाऊन पोहोचणार हे लेखकाने पहिल्या शंभर पानांतच सांगून ठेवलं होतं. विन्स्टनलाही ते माहीत होतं. चोरून लिहायला घेतलेल्या डायरीत पहिला शब्द लिहिला त्याच दिवशी 'आपण मेलो' हे तो समजून चुकला होता. आशा धरली ती आपण. चांगल्या वाचकाने ती धरावीच, म्हणून तुझ्या रागाला मी चूक म्हणणार नाही. पण फसवणूक झालेली नाही.

असा शेवट ऑर्वेलला सुचला तरी कुठून? अनेकजण त्याच्या आजाराकडे बोट दाखवतात. ते खोटं नाही. जुरा नावाच्या स्कॉटिश बेटावर क्षयाने खंगत असताना त्याने हे पुस्तक पुरं केलं, जून १९४९मध्ये ते छापून आलं आणि जानेवारी १९५०मध्ये, ४६व्या वर्षी, तो गेला. आजारपणाची सावली पुस्तकावर पडली असं त्याने स्वतःही म्हटलं होतं. पण मला ते कारण अपुरं वाटतं. १९३६ ते १९३८ या काळात स्टालिनच्या राजवटीत मॉस्कोत जे खटले चालले, त्यांत झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन यांच्यासारखे जुने क्रांतिकारक भर न्यायालयात उभे राहिले आणि आपण देशद्रोही असल्याचं त्यांनी आपल्याच तोंडाने सांगितलं. आयुष्यभर न वाकलेली माणसं असं कसं बोलली, याचा जगभर लोकांना उलगडा होईना. त्यातले काही महिने ऑर्वेल स्पेनमध्ये, तिथल्या यादवी युद्धात लढत होता. मे १९३७मध्ये त्याच्या गळ्यातून गोळी गेली. त्यातून सावरतो न सावरतो तोच बार्सिलोनात त्याच्याच गटाच्या लोकांची धरपकड सुरू झाली, त्यांच्यावर फॅसिस्टांचे हस्तक असल्याचा शिक्का मारला गेला. त्याचा कमांडर तुरुंगात पडला. स्वतःला कधीही अटक होईल अशा अवस्थेत ऑर्वेल आणि त्याची बायको आयलीन त्याला तुरुंगात भेटायला गेले. त्याला सोडवता येईल असं एक पत्र पोलिसांच्या ताब्यात होतं, ते परत मिळवण्यासाठी ऑर्वेल सरकारी कचेरीत गेला. पत्र मिळालं, पण कमांडर सुटला नाही. नवरा-बायकोला त्याला तिथेच ठेवून सरहद्द ओलांडावी लागली. खोली क्रमांक १०१, ती उंदरांच्या पिंजऱ्याची खोली, लिहिणारा माणूस हा आहे. माणसं मोडतात हे त्याला आरामखुर्चीत बसून सुचलेलं नाही.

आता किळसेबद्दल. तुझ्या पत्रात मी सगळ्यांत जास्त थांबले ती इथे.

आरशाचा तो प्रसंग आठव. कित्येक महिन्यांच्या छळानंतर ओब्रायन, त्याचा छळ करणारा पक्षाचा अधिकारी, विन्स्टनला तीन बाजूंच्या आरशासमोर उभं करतो. हाडांचा सापळा, घाणीने माखलेलं अंग, नुसत्या हाताने ओढला तरी निघून येणारा दात. विन्स्टन रडत म्हणतो, हे तुम्ही केलंत. आणि ओब्रायन शांतपणे उत्तर देतो: नाही, हे तूच स्वतःचं करून घेतलंस. सगळ्या पुस्तकातलं सर्वांत दुष्ट वाक्य मला हे वाटतं, उंदरांपेक्षाही. पिंजरा आणणाऱ्याचा दोष पिंजऱ्यात अडकलेल्यावर टाकायचा. तू विन्स्टनची किळस करतेस तेव्हा नकळत ओब्रायनच्या शेजारी उभी राहून त्या आरशात बघतेस. मला हे तुला टोचून म्हणायचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही त्याचा तिटकारा आला होता. त्या आरशासमोर आपण कुठे उभे आहोत हे कळायला मला दुसरं वाचन लागलं.

वेदनेपुढे कोणी शूर नसतो, हे विन्स्टनला पहिला दंडुका कोपरावर बसतो तेव्हाच कळतं. वेदना थांबावी याखेरीज दुसरी इच्छाच शरीरात उरत नाही. त्याआधी, भाड्याच्या त्या खोलीत, तो आणि ज्युलिया बोलले होते की कबुलीजबाब म्हणजे दगा नव्हे, एकमेकांवरचं प्रेम त्यांना काढून घेता आलं तर तो खरा दगा. आत कोणी शिरू शकत नाही, असं दोघांना वाटत होतं. पुस्तकाचा सगळा तिसरा भाग या एका समजुतीच्या मागे लागलेला आहे. आणि ती समजूत पाडायला काय काय लागलं ते बघ: सात वर्षं एका सामान्य कारकुनावर पाळत, एक अख्खं मंत्रालय, विजेची यंत्रं, उपासमार, आणि ज्याला विन्स्टन आपला समजत होता असा एक माणूस. एवढं सगळं वापरल्यावर जो शब्द बाहेर पडला त्याचा धनी विन्स्टन नाही.

'एक तरी टिकायला हवा होता' असं तू म्हणतेस. असं पुस्तक आहे. रशियन लेखक झाम्यातिनची 'आम्ही' ही कादंबरी १९२४मध्ये इंग्रजीत आली. ऑर्वेलने ती वाचली होती, तिच्यावर लिहिलंही होतं. तिच्या शेवटी काचेच्या घंटेखाली हवा काढून एका बाईचा छळ करतात. तीन वेळा करतात, आणि ती एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तिला मारणार असतात. हे सगळं आपल्याला सांगतो तिचा प्रियकर, आणि त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून कल्पनाशक्ती काढून टाकलेली असल्यामुळे तो ते थंडपणे पाहू शकतो. म्हणजे एक माणूस टिकलं, तरी वाचकाचा जीव हलका होत नाही. मला तर तो शेवट जास्त जड गेला.

शेवट गोड करून पाहण्याचेही प्रयत्न झालेत. ऑर्वेलच्याच 'ॲनिमल फार्म'वर १९५४मध्ये चित्रपट निघाला. पुस्तकात प्राणी खिडकीतून आत बघतात, आणि डुक्कर कोणतं नि माणूस कोणता हे त्यांना ओळखू येत नाही. तिथे पुस्तक संपतं. चित्रपटात मात्र प्राणी एक होऊन डुकरांवर चालून जातात. बघणारा समाधानाने उठतो, कारण त्याच्या वाट्याचं काम पडद्यावरच्या प्राण्यांनी करून टाकलेलं असतं. तुला पुस्तक फेकावंसं वाटलं. हे होऊ देऊ नका, ते तुमच्या हातात आहे, अशा अर्थाचं निवेदन ऑर्वेलने पुस्तक आल्यावर दिलं होतं. त्याला हवा होता तो तुझ्यासारखा वाचक.

तरीही रिकाम्या हाताने परत आलीस असं म्हणू नकोस. दोन गोष्टी तुझ्या रागात निसटल्यात. एक म्हणजे परिशिष्ट. दोन वाजता पुस्तक भिंतीवर गेल्यावर ते कोण वाचणार! ते न्यूस्पीक या सरकारी भाषेवर आहे. ही भाषा २०५०पर्यंत पूर्णपणे रुजवायचा बेत होता, असं त्यात सांगितलंय. 'होता'. सगळं परिशिष्ट भूतकाळात लिहिलेलं आहे, आणि साध्या, मोकळ्या इंग्रजीत. ती राजवट गेल्यानंतर कोणीतरी हे लिहितंय, असा अर्थ अनेक वाचक काढतात. अमेरिकेतल्या एका पुस्तक-मंडळाला परिशिष्ट आणि मधला एक मोठा भाग वगळून पुस्तक हवं होतं. मोठ्या रकमेवर पाणी सोडायची तयारी ठेवून ऑर्वेलने नकार दिला. परिशिष्ट त्याला इतकं गरजेचं का वाटलं, यावर तू विचार कर. मी त्यावर फार मोठी आशा बांधत नाही, कारण विन्स्टनला त्याचा काही उपयोग नाही. पण ते तिथे आहे.

दुसरी गोष्ट माझी जास्त लाडकी आहे. शेवटच्या वाक्याच्या काही पानं आधी, कॅफेत बसलेला असताना, विन्स्टनला अचानक आई आठवते. धो धो पाऊस, नऊ-दहा वर्षांचा किरकिरा मुलगा, आणि त्याला गप्प करायला आई भिजत जाऊन सापशिडीचा खेळ घेऊन येते. पट तडकलेला, फासे इतके ओबडधोबड की नीट पडतही नाहीत. आठ डाव होतात, दोघं चार-चार जिंकतात. धाकट्या बहिणीला काहीच कळत नाही, पण बाकीचे हसतात म्हणून तीही हसते. विन्स्टन ते चित्र मनातून ढकलून देतो. खोटी आठवण, असं स्वतःला सांगतो. अशा खोट्या आठवणी त्याला अधूनमधून त्रास देतात, असंही लेखक म्हणतो. म्हणजे इतकं सगळं करूनही त्यांना आत सगळीकडे पोहोचता आलेलं नाही. पावसात भिजून आलेली ती बाई अजून येऊन जाते. शेवटच्या वाक्यावर मी विश्वास ठेवते, आणि या सापशिडीवरही ठेवते.

आता तुझ्या मैत्रिणीकडे येऊ.

किळस तुला विन्स्टनची आली, पण ती दहा दिवस टिकली ती स्वतःमुळे, असं मला वाटतं. त्याचं ओरडणं तुझ्या ओळखीचं निघालं. बंद खोली, प्रश्न विचारणारे, आणि 'मला नको, तिला' हे शब्द. तू त्या दोघांना एकत्र बांधून टाकलंस. इथे मला तुझी गाठ सोडवायची आहे, आणि सोडवताना थोडं दुखेल.

तू विन्स्टन नाहीस. तुझ्या चेहऱ्याजवळ पिंजरा नव्हता. दोन तासांची भीती होती, ती खरी होती, नोकरी जाण्याची भीती काही लहान नसते. पण त्या खोलीत 'चूक माझीही आहे' असं म्हणायला जागा होती. विन्स्टनला नव्हती. त्याच्या शब्दांची जबाबदारी मी त्याच्यावर टाकत नाही. तुझ्या शब्दांची तुझ्यावर टाकते. हे ऐकून तुला वाईट वाटेल, पण यातच तुझ्या सोयीचीही एक गोष्ट आहे. जिची जबाबदारी आपली असते ती गोष्ट दुरुस्तही आपल्याला करता येते.

विन्स्टन आणि ज्युलिया पुन्हा एकदा भेटतात, ते आठवतं ना? मार्चमधला बोचरा दिवस, लोखंडासारखी जमीन. ती सरळ सांगते, मी तुला दगा दिला. तोही तेच सांगतो. ज्युलिया पुढे म्हणते की मागाहून आपण मनाची समजूत घालतो, नुसतं सुटण्यासाठी बोललो म्हणून, पण त्या क्षणी खरंच आपल्याला तेच हवं असतं. इतकी उघड, खरी बोलणी आपल्यात किती जणांच्या वाट्याला येतात? त्यांना पुढे जाता येत नाही, कारण पुढचं सगळं त्यांच्याकडून काढून घेतलंय. 'पुन्हा भेटायला हवं' असं म्हणून ते पांगतात आणि विन्स्टनचे पाय कॅफेकडे वळतात. तुझ्याकडून कोणी काही काढून घेतलेलं नाही. वर्षभर तू स्वतःच त्या कॅफेत जाऊन बसली आहेस.

आणि आणखी एक प्रसंग. विन्स्टनचं काम काय होतं? जुन्या नोंदी बदलणं. ते करताना १९७३ साली एकदा वर्तमानपत्राचं अर्धं पान त्याच्या हाती आलं. त्यात त्याच तीन पुढाऱ्यांचा फोटो होता. ज्या तारखेला आपण शत्रूच्या देशात होतो अशी कबुली त्यांनी दिली होती, त्या दिवशी ते न्यूयॉर्कमध्ये पक्षाच्या कार्यक्रमात होते. तो कागद म्हणजे त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा. विन्स्टनने तो दहाएक मिनिटं जवळ ठेवला आणि मग भिंतीतल्या भोकातून भट्टीत टाकला. ते तिघं तोवर मारले गेले होते. कागद ठेवला असता तरी परत आले नसते. तरीही पुढे अनेक वर्षं त्याला तो कागद आठवत राहतो.

तुझ्या ऑफिसच्या फायलीत एक अपुरी नोंद आहे. ती पुरी करणारा कागद तुझ्याकडे आहे. आणि तुझी मैत्रीण हयात आहे.

म्हणून असं कर. आधी ऑफिसकडे धावू नकोस, आधी तिच्याकडे जा. फोन उचलणार नाही असं वाटत असेल तर हाताने पत्र लिही. मोजकं लिही: त्या दिवशी मी तुझं नाव घेतलं, माझा वाटा जास्त होता, तो मी लपवला. एवढंच. खोली किती लहान होती, ते किती ओरडले, तुला किती रात्री झोप नाही, यातलं काही लिहू नकोस. क्षमा मागू शकतेस, पण दिली का ते विचारू नकोस. आणि कृपा करून विन्स्टनचं नाव काढू नकोस. तिला आपली नोकरी गेल्याची गोष्ट ऐकायची आहे, कादंबरीची नाही.

पत्रात एक प्रश्न मात्र विचार: मी ऑफिसला लेखी खरं सांगायला तयार आहे, ते तुला चालेल का? हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्रकरण पुन्हा उघडलं तर त्याची झळ तिलाही लागू शकते. नव्या जागी ती कशी आहे, काय सांगून लागली आहे, तुला माहीत नाही. ती 'नको' म्हणाली तर तिचा शब्द पाळ. 'हो' म्हणाली, तर पत्र देण्याआधी नोकरीचे नियम जाणणाऱ्या वकिलाला ते दाखव. तुझ्यावर कारवाई होऊ शकते, कदाचित नोकरीही जाईल. मी तुला हे सोपं आहे असं सांगणार नाही. नवऱ्याला विश्वासात घे. त्याने कादंबरीला 'गोष्ट' म्हटलं, कारण दुसरी गोष्ट तू त्याला अजून सांगितलेली नसावीस.

ती उत्तरच देणार नाही, असंही होईल. तो तिचा हक्क आहे. तरी तुझी तयारी असल्याचं तिच्यापर्यंत पोहोचलेलं असेल, आणि पुढे कधी तिला ती नोंद पुसून हवी असेल तर कोणाकडे यायचं हे तिला ठाऊक असेल.

अशी पुस्तकं वाचणं सोडू नकोस. काही दिवस बाजूला ठेवलीस तर हरकत नाही, शरीराला विश्रांती लागते. झोप आणखी आठवडाभर अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट, त्यात कमीपणा काही नाही. भिंतीवर फेकलेलं पुस्तक उचलून ठेव. पुन्हा वाचशील तेव्हा सापशिडीचं पान आधी काढ.

मैत्रिणीला लिहायच्या पत्राचा मसुदा मला पाठवायचा असेल तर पाठव. त्यात कुठे 'पण' आला असेल, तर तेवढा खोडून परत धाडेन.

तुझी,
ताई